धोरण सल्लागार व्हायचंय? वसई-विरार आणि पालघरच्या तरुणांसाठी सरकारी व सामाजिक संस्थांमधली वाट

वसई : पावसाळ्यात नालासोपाऱ्यात पाणी का तुंबतं, मोखाड्यात उन्हाळा लागला की टँकर का लागतो, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातल्या मुलांची शाळा का सुटते, हे प्रश्न पालघर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. पण त्यावर उपाय कोणता करायचा, पैसा कुठून आणायचा, कोणता नियम बदलायचा, हे बहुतेक वेळा मंत्रालयात नाहीतर दिल्लीत ठरतं. ते ठरण्याआधी माहिती गोळा करणारी, आकडे तपासणारी आणि दोन-तीन पर्याय कागदावर मांडून देणारी माणसं असतात. त्यांना धोरण सल्लागार म्हणतात.

हे करिअर फक्त इंग्रजी शाळेत शिकलेल्या मोठ्या शहरातल्या मुलांसाठी आहे, असा समज आहे. तो अर्धाच खरा. पदवी लागते, इंग्रजीही लागतं. पण पाड्यावर रेशन कधी येतं, भट्टीचा मालक उचल कशी देतो, कोणत्या महिन्यात गाव रिकामं होतं, हे ज्याला आतून ठाऊक आहे त्याच्याकडे या कामाचं निम्मं भांडवल आधीच असतं. उरलेलं निम्मं कसं मिळवायचं, कुठे अर्ज करायचा आणि कुठे सावध राहायचं, याची ही माहिती.

काम नेमकं काय असतं?

वसईकरांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पूर आला. मिठागर वस्तीतले लोक पाण्यात अडकले, रेल्वे ठप्प झाली, वीज गेली. त्यानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांची सत्यशोधन समिती नेमली. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, नाल्यांची क्षमता किती, याचा अभ्यास करून या समितीने उपाय सुचवले. पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवणारे धारण तलाव हा त्यातलाच एक.

अभ्यास करणं, उपाय सुचवणं, प्रत्येक उपायाचा खर्च आणि परिणाम सांगणं, इथपर्यंत सल्लागाराचं काम. निर्णय घेतात अधिकारी आणि लोकप्रतिनिधी. सल्ला दिला म्हणजे तो अमलात येतोच असं नाही. जागा मिळत नाही, निधी मिळत नाही, अहवाल कपाटात राहतो. म्हणून चांगला सल्लागार अहवाल देऊन मोकळा होत नाही. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या लेखाशीर्षातून, किती महिन्यांत काय करायचं, इतकं तपशिलात लिहून देतो आणि पाठपुरावाही करतो.

आपल्याच जिल्ह्यातून गेलेली धोरणं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा साधा विचार. त्यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण वसई तालुक्यातल्या उसगावचं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्येच झाला होता. तरी इथल्या पाड्यांवर कर्जापोटी राबणारी माणसं होतीच. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद ही संस्था आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. वेठबिगार कोण, त्याची उचल किती, मालक कोण, याची नोंद करून ती सरकारपुढे ठेवली आणि माणसं सोडवली. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा चालवल्या. १९९९ मध्ये लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ने या दोघांना पुरस्कार दिला. विवेक पंडित २००९ ते २०१४ वसईचे आमदार होते. नंतर आदिवासी विकासाच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या राज्यस्तरीय समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. म्हणजे संस्थेतून सुरू झालेला माणूस विधानसभेत गेला आणि तिथून सरकारच्या सल्लागार खुर्चीत बसला.

तिसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून पाहिला : मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

तिन्ही ठिकाणी क्रम सारखाच दिसतो. आधी एका जागचा प्रश्न नीट समजून घेतला, मग छोट्या प्रमाणावर करून पाहिलं, त्याची नोंद ठेवली आणि मगच सरकारकडे गेले. आज हेच काम पगारी नोकरी म्हणूनही करता येतं.

नोकऱ्या कुठे असतात?

*तालुका आणि जिल्हा पातळी.* सुरुवातीला दिल्लीकडे बघायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षात स्वच्छता, प्रशिक्षण, मूल्यमापन अशा विषयांचे जिल्हा सल्लागार असतात. पंचायत समितीत गट समन्वयक असतात. ‘उमेद’ अभियानात प्रभाग समन्वयक, तालुका अभियान व्यवस्थापक, जिल्हा व्यवस्थापक ही पदं आहेत. जिल्ह्यात डहाणू आणि जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत. या ठिकाणची पदनामं ऐकायला मोठी नसली तरी योजना कागदावरून पाड्यावर कशी उतरते आणि मध्येच कुठे गळते, हे इथेच कळतं.

*महापालिका.* चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२.२ लाख होती. घनकचरा, पाणीपुरवठा, पूरनियंत्रण, विकास आराखडा या विषयांत महापालिका बाहेरच्या सल्लागार कंपन्या आणि संस्था नेमते. त्या कंपन्यांना सर्वेक्षण आणि नकाशाचं काम करणारी स्थानिक माणसं लागतात. तिथूनही शिरकाव होतो.

*राज्य पातळी.* २०२२ मध्ये राज्याने नीती आयोगाच्या धर्तीवर ‘मित्र’ ही संस्था स्थापन केली. नियोजन विभाग, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, पुण्याची यशदा आणि पुण्याचीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथेही संशोधन आणि मूल्यमापनाची कामं निघतात.

*केंद्र.* १ जानेवारी २०१५ रोजी स्थापन झालेल्या नीती आयोगात ‘यंग प्रोफेशनल’ म्हणून कंत्राटी नेमणुका होतात. तिथल्या इंटर्नशिपला मानधन नसतं. दिल्लीतला राहण्याखाण्याचा खर्च आपला आपल्याला करावा लागतो, हे धरूनच अर्ज करावा.

*सामाजिक संस्था.* आपल्या जिल्ह्यात ही यादी मोठी आहे. डहाणू तालुक्यात ग्राममंगल आणि वाडा तालुक्यात सोनाळे इथली क्वेस्ट या संस्था शिक्षणात काम करतात. जव्हारला बाएफची वाडी योजना आणि प्रगती प्रतिष्ठान आहे. पेसा आणि वनहक्कावर वयम् चळवळ काम करते. मुंबईत ‘समर्थन’ ही संस्था राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास करून आमदारांपर्यंत पोचवते. ‘प्रजा फाउंडेशन’ महापालिकेच्या कारभाराची आकडेवारी मांडते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर विभागातही अशी माणसं लागतात.

कोणतं शिक्षण घ्यावं?

बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, कृषी, कायदा, काहीही चालतं. पदवी कोणत्या विषयाची यापेक्षा आकडे आणि लेखन यावर हात किती बसला आहे, हे पाहिलं जातं.

पुढे शिकायचं असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस, स्थापना १९३६) आहे. ग्रामीण विकासासाठी तिचा तुळजापूरलाही परिसर आहे. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी परीक्षा द्यावी लागते. पुण्यात १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचं केंद्र आहे. ग्रामीण भागासाठी काम करणारं तिथलं ‘सीतारा’ केंद्र इंजिनिअर मुलांनी जरूर बघावं.

घर सोडता येत नसेल, नोकरी सांभाळून शिकायचं असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू इथून लोकप्रशासनात एमए करता येतं. बंगळुरूची तक्षशिला ही संस्था सार्वजनिक धोरणाचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते.

आदिवासी, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहू देऊ नये. संशोधनासाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था अधिछात्रवृत्ती देतात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. बारावीतच ते काम मार्गी लावलेलं बरं.

फेलोशिप : सरकार आतून बघायची संधी

राज्य सरकारने २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मधल्या खंडानंतर ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२५-२६ च्या अटी अशा होत्या : वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा कामाचा अनुभव, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आवश्यक. जागा ६०, मुदत बारा महिने, मानधन आणि प्रवासखर्च मिळून महिना ६१,५०० रुपये. आधी ऑनलाइन परीक्षा, मग निबंध आणि मुलाखत. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. अटी दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे अर्ज करताना अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची त्या वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी.

दिल्लीची पीआरएस ही संस्था ‘लॅम्प’ फेलोशिप चालवते. पदवीधर तरुण एका खासदारासोबत काम करतो. प्रश्न तयार करणं, विधेयकाचा अभ्यास करणं, भाषणाची टिपणं काढणं, ही कामं असतात. वयाची अट २५ च्या आतबाहेरची असल्याने पदवी झाल्या झाल्या प्रयत्न करावा लागतो.

पदवी नसली किंवा वय उलटलं तरी दार बंद होत नाही. मुंबईची कोरो ही संस्था गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना नेतृत्वाची फेलोशिप देते. बचतगट, महिला मंडळ, ग्रामसभा यांत काम केलेल्या बायकांनी तिकडे लक्ष ठेवावं. राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संसदीय अभ्यासवर्ग होतो, त्याची चौकशी कॉलेजच्या विभागात करावी.

सुरुवात गावातूनच करा

मुलाखतीत हमखास विचारलं जातं, “तुम्ही आतापर्यंत काय केलंत?” त्याचं उत्तर तयार करायला पैसा लागत नाही.

१. *जीआर वाचा.* राज्य सरकारचे शासन निर्णय संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळतात. आठवड्याला एक वाचायचा. योजना कोणासाठी, पैसा कोण देणार, जबाबदारी कोणाची, या तीन ओळी वहीत उतरवायच्या.

२. *आकडे ओळखीचे करा.* जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आणि अर्थसंकल्पाआधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ चाळावी. २०११ च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९.९ लाख आणि त्यात आदिवासी सुमारे ३७ टक्के. पण हा आकडा तालुक्यागणिक किती बदलतो, हे पाहिलं की खरा जिल्हा कळतो.

३. *ग्रामसभेला जा.* गावाचा विकास आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर दिसतो. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. वसई तालुक्यातलीही काही गावं पेसात आहेत. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्च झाला, हे विचारायचा हक्क ग्रामसभेला आहे. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

४. *दोन पानी टिपण लिहा.* समजा, पाड्यावरची मुलं दिवाळीनंतर अंगणवाडीत दिसत नाहीत. किती घरं स्थलांतर करतात, कुठे जातात, कधी परततात, तिथल्या अंगणवाडीत त्या मुलांचं नाव लागतं का, याची घरोघर नोंद करायची. मग पहिल्या पानावर प्रश्न आणि आकडे, दुसऱ्या पानावर तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि अडचण. हे टिपण बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यायचं आणि पोच घ्यायची. अशी चार टिपणं गाठीशी असलेला उमेदवार नुसत्या प्रमाणपत्रांच्या फाईलपेक्षा उजवा ठरतो. एक पथ्य मात्र पाळायचं. लोकांची नावं, आधार क्रमांक, फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

५. *भाषा हेही कौशल्यच.* वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी, सामवेदी यातली बोली येत असेल तर अर्जात लिहा. सर्वेक्षणात माणूस दुभाष्याशी बोलतो तेव्हा वेगळं सांगतो आणि आपल्या बोलीत वेगळं सांगतो. इंग्रजी आणि एक्सेल मात्र शिकावंच लागेल. अहवाल मराठीत चालतो, पण निधी देणाऱ्यांशी पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो.

पगार, कंत्राट आणि घरच्यांचे प्रश्न

आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, “नोकरी पर्मनंट आहे का?” खरं उत्तर : बहुतेक वेळा नाही. सरकारी सल्लागाराची पदं कंत्राटी, अनेकदा अकरा महिन्यांच्या कराराची असतात. योजना संपली की पद संपतं. पेन्शन नसतं. संस्थांतही तसंच. देणगीदाराने हात आखडता घेतला किंवा परदेशी निधीचा परवाना गेला तर प्रकल्प बंद पडतो.

म्हणून काही गोष्टी सांभाळाव्यात. करारात मुदत, मानधन, प्रवासभत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि रजा लिहिलेल्या आहेत का, हे सहीआधी वाचावं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवं कर्ज काढू नये. एकाच योजनेला न चिकटता पाणी, आरोग्य, शिक्षण, शेती यांतला एक विषय धरावा. योजनांची नावं बदलत राहतात, पण पाण्याचा जाणकार सगळ्यांनाच लागतो.

एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्यांनाही ही वाट उपयोगी आहे. परीक्षेच्या खोलीत वर्षांमागून वर्षं घालवून हाती काहीच न लागण्यापेक्षा, मध्ये एखादं वर्ष संस्थेत काम केलं तर अनुभवही मिळतो आणि मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या ठिकाणी लागणारी अनुभवाची अटही पुरी होते.

फसवणूक टाळा

‘मंत्रालयात सल्लागार म्हणून लावतो, इतके भरा’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबावं. सरकारी पदाची जाहिरात संबंधित विभागाच्या किंवा जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. परीक्षाशुल्काशिवाय कुणालाही एक रुपया द्यायचा नसतो. व्हॉट्सअॅपवर आलेलं नियुक्तिपत्र घेऊन त्या कार्यालयात प्रत्यक्ष जावं आणि खात्री करावी. संस्था खरी आहे का, हे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरची नोंद पाहून कळतं. तिथला हिशेब आणि वार्षिक अहवाल मागायला लाजू नये.

कोणी, कधी काय करावं?

बारावीत असाल तर : दाखले पूर्ण करा, गणित आणि इंग्रजी सोडू नका, ग्रामसभेला हजर राहायची सवय लावा.

पदवीला असाल तर : सुटीत एका संस्थेत काम करा, एक्सेल शिका, दरवर्षी किमान एक टिपण लिहा. शेवटच्या वर्षी सीयूईटी-पीजी आणि फेलोशिपच्या तारखांवर नजर ठेवा.

पदवी झाली असेल तर : जिल्हा परिषद, उमेद किंवा स्थानिक संस्थेत एक-दोन वर्षं फिरतीचं काम करा. मग पुढचं शिक्षण की राज्य पातळीची नोकरी, हे ठरवा.

तिशी ओलांडली असेल तर : आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य म्हणून केलेलं कामही अनुभवच आहे. ते तारीखवार लिहून काढा. मुक्त विद्यापीठाचं दार उघडं आहे.

विरारहून चर्चगेट लोकल पकडली की मंत्रालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये पोचली. मोखाडा, जव्हार, विक्रमगडच्या मुलांना मात्र आधी एसटी गाठावी लागते आणि जिल्ह्यातले सगळ्यात अवघड प्रश्नही त्याच तालुक्यांत आहेत. तिथली मुलं या टेबलावर बसली नाहीत, तर त्यांच्या पाड्याबद्दलचं टिपण दुसरा कोणीतरी पाडा न बघताच लिहील. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असतं. वही-पेन घेऊन तिथे जाता येईल.